मोटारीला स्टार, टेम्पोला काय?

माझ्या धाकट्या भावाने नुकतीच मोटार घेतली. शोरूममध्ये त्याचा पहिला सवाल होता, "स्टार किती?" सवाल रास्तच होता; घरची मुलेबाळे तिच्यात बसणार. त्याच संध्याकाळी आमच्या दुकानासमोर पिकअपमध्ये कापडाच्या गाठी चढत होत्या. थर टपाच्या वर गेला, त्यावर दोन हमाल बसले आणि गाडी भिवंडीहून मुंबईकडे निघाली. तिचे स्टार आम्हा दोघा भावांपैकी कोणीच विचारले नाहीत.

विचारले असते तरी जबाब मिळाला नसता. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणी सुरू झाली. मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, आत माणसाच्या मापाचे पुतळे बसवतात आणि पुतळ्यांना किती मार बसला ते पाहून स्टार देतात. परंतु ही योजना आणली ती साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींसाठी. तेवढ्याच वजनाची गाडी मालवाहू म्हणून नोंदली, की ती यादीबाहेर. चालकाची हाडे तर तीच असतात!

व्यापारी बांधवांनो, धडक झाली की गाडी थांबते, माल थांबत नाही. तो चालकाच्या पाठीवर येतो. वेग दुप्पट असेल तर धडकेचा जोर चौपट होतो; वजन दुप्पट भरले तर जोरही दुप्पट. त्यात छोट्या टेम्पोला पुढे नाकच नसते. मोटारीचे बोनेट चुरगळून जो मार सोसते, तो इथे चालकाचे गुडघे सोसतात.

काही वर्षांपूर्वी माझाच माल घेऊन निघालेल्या चालकाचे दोन्ही पाय असेच मोडले. कापड शाबूत निघाले, विकलेही गेले. तो आता चहाची टपरी चालवतो. त्या दिवशी चार गाठी जादा चढवायला मीच सांगितले होते, दुसऱ्या फेरीचे भाडे वाचावे म्हणून.

२०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठरला. कायद्यात गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही दोषी धरला आहे. आपण मात्र दंडाची पावती चालकाच्या खिशात सारून मोकळे होतो.

सरकारकडे मागणी करायलाच हवी. पिकअप आणि टेम्पोची चाचणी व्हावी, तीही मागे पूर्ण माल भरून. रिकाम्या गाडीचे स्टार आपल्या काय कामाचे? व्यापारी संघटना कराच्या प्रश्नावर दिल्लीपर्यंत जातात, तशी एक अर्जी परिवहन मंत्रालयाकडेही जाऊ द्या.

आमच्या पेढीवर आता गाठी मोजून चढतात, दोरखंडाने बांधल्या जातात आणि हमालांना रिक्षाचे भाडे वेगळे मिळते. दुसरी फेरी लागली तर लागली. भाऊ महिनाअखेरीस हिशोब पाहून कुरकुरतो.