एचओएचा अधिकार तलावापर्यंतच!

टेक्ससमधल्या मराठी घरमालकांनो,

फ्रिस्को असो, प्लेनो असो, केटी किंवा राउंड रॉक. आपल्या माणसांनी जिथे नवीन घरं घेतली, तिथे घराबरोबर बहुतेक वेळा एचओएही आली. क्लोजिंगला सह्यांच्या गठ्ठ्यात डीड रिस्ट्रिक्शन्स होती. वाचली असती तरी त्यातला एक शब्द बदलून मिळाला नसता. बिल्डर पहिलं घर विकण्याआधीच ती काउंटीत नोंदवतो. नंतर बदल करायचा, तर साधारण 67 टक्के मतं लागतात.

आपल्यातले बरेच जण एचओएला सोसायटी समजतात आणि गप्प बसतात. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत वरच्याचं बाथरूम गळलं की खालच्याच्या छताला ओल येते. जिना एक, टाकी एक, लिफ्ट एक. तिथे कमिटीला अधिकार हवेतच, आणि इथल्या काँडोतही हवेत. पण आपलं घर चारी बाजूंनी मोकळं आहे. छप्पर आपलं, पाया आपला, दुरुस्तीचा खर्चही आपलाच. त्या घराच्या दाराचा रंग, कुंपणाचं स्टेन, अंगणातलं गवत यावर बोर्डाची सत्ता कशासाठी?

ऑगस्टच्या उन्हात गवत पिवळं पडतं. मॅनेजमेंट कंपनीचा माणूस गाडीत बसूनच फोटो काढतो आणि पत्र येतं. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, पुन्हा पत्र. मग सर्टिफाइड मेल, मग दंड, आणि प्रकरण वकिलाकडे गेलं की त्याची फीसुद्धा आपल्याच खात्यावर. शेजाऱ्याने दार वाजवून सांगितलं असतं तर दहा मिनिटांत मिटलं असतं.

दंड एक वेळ भरता येईल. खरा धोका घरालाच आहे. टेक्ससमध्ये राहत्या घराला राज्यघटनेचं संरक्षण आहे. क्रेडिट कार्डाचे पन्नास हजार थकले तरी बँक ते घर विकू शकत नाही. एचओए मात्र वर्गणीच्या थकबाकीसाठी विकू शकते. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली इनवुड नॉर्थच्या खटल्यात हे मान्य केलं: वर्गणीचा बोजा घर घेण्याआधीपासून जमिनीवर होता, म्हणून घटनेचं संरक्षण त्याला आडवं येत नाही. 2008 साली फ्रिस्कोमध्येच इराकमध्ये तैनात असलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याचं घर असं गेलं. घर सुमारे तीन लाख डॉलरचं, त्यावर कर्ज नव्हतं. थकबाकी हजार डॉलरच्याही आत आणि लिलावातली किंमत चार हजारांच्याही आत. सैनिकांसाठीच्या केंद्रीय कायद्याचा आधार होता म्हणून पुढे तडजोडीत घर परत मिळालं. आपल्याला तो आधार नाही.

कायदा थोडा सुधारला हे मान्य. आता लिलावाआधी कोर्टाचा आदेश लागतो, नुसत्या दंडासाठी घर विकता येत नाही, आणि विकलं तरी नोटिशीनंतर 180 दिवसांत सोडवता येतं. पण वर्गणीसाठीची तलवार तशीच आहे. शिवाय एकेका साध्या हक्कासाठी ऑस्टिनला जावं लागलं. दारावर धार्मिक चिन्ह लावण्याची मुभा 2011 च्या कायद्याने दिली, तीही 25 चौरस इंचांपुरती. आंब्याच्या पानांचं तोरण एवढ्यात कसं बसणार? ती मर्यादा जायला 2021 साल उजाडलं.

‘घरांच्या किमती टिकतात’ असं बोर्ड सांगतं. हे कारण जुनं आहे. कॅन्सस सिटीच्या जे. सी. निकोल्ससारख्या बिल्डरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच करारांत कृष्णवर्णीयांना घर विकायला बंदी घातली, तीही किमतीच्याच नावाखाली. अनेक शहरांतल्या तशा करारांत आशियाई माणसांनाही मज्जाव होता. 1948 साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्याने कोर्टांना असे करार लागू करण्यापासून रोखलं. करारात लिहिलंय म्हणून ते योग्य, हे आपण तरी म्हणू नये.

तलाव, पूल, बाग, सामाईक रस्ते एचओएने सांभाळावेत आणि त्यासाठी वर्गणीही घ्यावी. ती थकली तर इतर घेणेकऱ्यांसारखा साधा दावा लावावा. घर विकण्याचा अधिकार काढून घ्यावा. ज्याला रंगा-गवताचे नियम हवेत त्याने स्वतः सही करून ते घ्यावेत, आणि तेही ठरावीक वर्षांनी आपोआप संपावेत. धोकादायक बांधकाम, उंदीर, दुर्गंधी यांसाठी शहराचे नियम आहेतच. आपण भरमसाट प्रॉपर्टी टॅक्स भरतो. शहरं रस्ते आणि बागांचा भार एचओएवर टाकून मोकळी होतात, तेही विचारलं पाहिजे.

‘आपण एच-वनवर, आपल्याला कुठे मत?’ असं म्हणू नका. एचओएत मत मालकाला असतं, नागरिकत्व कुणी विचारत नाही. बोर्डाची सभा सभासदांना खुली असते, हिशेब मागता येतात. प्रॉक्सीच्या कागदावर सही करून देऊ नका, वार्षिक सभेला स्वतः जा, बोर्डासाठी उभे राहा. टेक्ससचं विधिमंडळ विषम सालीच जानेवारीत भरतं आणि नियमित अधिवेशन 140 दिवसांतच आटोपतं. त्याआधी आपल्या भागाच्या प्रतिनिधीला आणि सेनेटरला लिहा: वर्गणीसाठी राहतं घर विकण्याचा एचओएचा अधिकार रद्द करा.