मुक्त सर्व्हर, बंद किल्ली



रियाधमध्ये मी लिनक्स सर्व्हर उभारतो. आधी खुला नूवो ड्रायव्हर बंद करायचा, मग एनव्हिडियाचा घालायचा, नंतर डॉकर, शेवटी कंटेनर टूलकिट. वर "सगळे मुक्त सॉफ्टवेअर, आपण स्वतंत्र" हे ऐकून कान किटले! कंटेनरमध्ये कर्नलचा ड्रायव्हर नसतोच. तो यजमान सर्व्हरचा वापरावा लागतो. एनव्हिडियाने २०२२ मध्ये त्याचा कर्नलमधला भाग खुला केला. वरची कूडा बंदच आहे. आणि चिपा? सौदीच्या सरकारी ह्युमेन कंपनीलाही २०२५ मध्ये अमेरिकेच्या परवान्यासाठी थांबावे लागले.

परवाना आपल्या हाती नाही. खरेदीची शिफारस मात्र आपणच लिहितो. एएमडीची रॉकेम बव्हंशी खुली आहे. ती अपुरी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सांगावे, न वापरता ती सुधारणार कशी?