हवाई : क्षमा मिळाली, भूमी कधी?

(द्वितीय वर्ष, कला)

राज्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण पाठ करतो की, राज्याचे घटक चार : लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. परीक्षेत एवढे लिहिले की गुण पदरात पडतात आणि विषय तेथेच मिटतो. परंतु ज्या देशाजवळ हे चारही घटक होते, ज्याच्या स्वातंत्र्याला १८४३ साली इंग्लंड व फ्रान्स या बलाढ्य राष्ट्रांनी मान्यता दिली होती, त्या देशाचे सार्वभौमत्व कुणी हिरावून घेतले, तर उरलेल्या घटकांचे काय होते? याचे उत्तर हवे असेल तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचा इतिहास वाचावा.

हवाई म्हटले की आपल्यापुढे समुद्रकिनारा आणि फुलांच्या माळा उभ्या राहतात. दुसरे चित्र पर्ल हार्बरचे. १९४१ साली जपानने तेथे बॉम्ब टाकले, हे शाळेतच शिकलो. पण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या त्या बेटांवर अमेरिकेचे आरमार काय करीत होते, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला कुणी विचारीत नाही.

त्याचे मूळ साखरेत आहे. १८७५ च्या करारान्वये हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि गोरे मळेवाले गब्बर झाले. १८८७ साली या कराराची मुदत वाढवताना अमेरिकेने पर्ल हार्बरच्या वापराचा एकाधिकार मिळवला. त्याच वर्षी बंदुकीचा धाक दाखवून राजा कालाकाऊआच्या गळी एक नवी राज्यघटना उतरवण्यात आली. 'संगिनीची घटना' हेच तिचे नाव पडले. पुढे राणी लिलिउओकलानीने ती बदलण्याचे मनात आणताच मळेवाले व व्यापारी यांच्या टोळक्याने १७ जानेवारी १८९३ रोजी तिला पदच्युत केले. आदल्या दिवशी अमेरिकेच्या 'बॉस्टन' या युद्धनौकेवरून १६२ सशस्त्र खलाशी व सैनिक होनोलुलूत उतरले होते. रक्तपात टळावा म्हणून राणीने सत्ता सोडली. पण आपण बंडखोरांपुढे नव्हे, तर अमेरिकेच्या बळापुढे माघार घेत आहोत, हे तिने लिहून ठेवले.

राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी केली आणि राणीवर अन्याय झाल्याचे काँग्रेसपुढे मान्यही केले. तरीही काही घडले नाही. १८९७ साली विलीनीकरणाचा तह पुढे आला, तेव्हा तेथील स्त्री-पुरुषांनी बेटाबेटांवर हिंडून त्याविरुद्ध २१ हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या. त्या काळी मूळ रहिवाशांची संख्या होती सुमारे ४० हजार! तह बारगळला. पण पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटले, पॅसिफिकमध्ये लष्करी तळ हवासा झाला आणि तहाला लागणारे दोनतृतीयांश मत मिळत नाही म्हणून अमेरिकेने साध्या ठरावाने हवाई गिळंकृत केले. राजघराण्याची व सरकारची सुमारे १८ लाख एकर जमीनही त्याबरोबर गेली. सह्यांचे ते कागद अमेरिकेच्या दप्तरखान्यात पडून होते. १९९६ साली नोएनोए सिल्वा या हवाईयन संशोधक स्त्रीने ते उजेडात आणले, तेव्हा आपल्या पणज्यांनी मुकाट्याने मान तुकवली नव्हती हे नव्या पिढीला कळले. इतिहासाचे शिक्षण कशासाठी, असे विचारणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे.

हवाईयन भाषेत जमिनीला 'आइना' म्हणतात. अर्थ, जी खाऊ घालते ती. आपला शेतकरी 'काळी आई' म्हणतो, त्याहून हे वेगळे नाही. या आइनेचे लष्कराने काय केले पाहा. काहोओलावे हे अख्खे बेट १९४१ पासून बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरले गेले. १९७६ साली काही तरुण बंदी मोडून तेथे उतरले. पुढच्या वर्षी जॉर्ज हेल्म व किमो मिचेल हे दोघे या लढ्यात समुद्रात नाहीसे झाले. १९९० साली बॉम्बफेक थांबली, १९९४ साली बेट परत मिळाले. पण सफाई अर्धवट टाकून नौदल २००४ साली निघून गेले. आजही तेथे पाऊल जपूनच टाकावे लागते.

माकुआ खोऱ्यातील कुटुंबांना १९४२ साली घरे सोडायला लावली. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत जमीन परत करू, असे वचन होते. ते पाळले गेले नाही. पोहाकुलोआ येथील सुमारे २३ हजार एकर जमीन १९६४ साली लष्कराला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. भाडे किती? सगळ्या ६५ वर्षांचे मिळून एक डॉलर! आमच्या गावात कुणी आपला गोठासुद्धा असा देणार नाही. आणि रेड हिल येथे, होनोलुलूला पाणी पुरवणाऱ्या भूजलाच्या थेट वर नौदलाने इंधनाच्या २० प्रचंड टाक्या ठेवल्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या साठ्यातील विमानाचे इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळले. आजारी पडलेल्यांत सैनिकांचीच मुलेबाळे होती. त्यानंतरच त्या टाक्या बंद करण्याचा हुकूम निघाला.

याला उत्तर म्हणून दोन मुद्दे मांडले जातात. पहिला, १९५९ साली तेथील मतदारांनी प्रचंड बहुमताने अमेरिकेचे राज्य होणे पसंत केले. खरे आहे. पण मतपत्रिकेवर स्वातंत्र्य हा पर्यायच नव्हता. दोनच भाज्या असलेल्या ताटाला आपण आवडीचे जेवण म्हणतो काय? दुसरा मुद्दा, लष्करामुळे हजारो लोकांना रोजगार मिळतो आणि खुद्द हवाईयन मुलेही सैन्यात जातात. हा मुद्दा मी हलका मानीत नाही. घरात पगार येऊ लागला म्हणजे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. परंतु नोकरी दिली म्हणून विहीर नासवण्याचा हक्क मिळत नाही. आणि जमीन हातची गेल्यावर माणसाने नोकरी पत्करली, तर तो त्या जमिनीवरचा दावा सोडतो असेही नाही. २०२० च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन आता हवाईबाहेर राहतात. महागाईने आपल्याच बेटांवर राहणे त्यांना परवडेनासे झाले आहे.

१९९३ साली, शंभर वर्षांनी, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून या लोकांची क्षमा मागितली. मूळ हवाईयनांनी आपले सार्वभौमत्व कधीच सोडून दिलेले नाही, हेही त्यात नमूद केले. परंतु २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या क्षमेमुळे जमिनीच्या मालकीत काहीही फरक पडत नाही. म्हणजे चूक कबूल, पण सातबारा आमच्याच नावावर!

भाषेचे मात्र वेगळे घडले. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे झाले, मुलांना स्वभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. १९७८ साली हवाईयनला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ पासून 'पुनाना लेओ' या बालवाड्या निघाल्या. आज त्या भाषेत पदवीचे शिक्षणही घेता येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरची बोली वर्गात तोंडातून निसटली की मागच्या बाकांवर काय पिकते, ते मला ठाऊक आहे. म्हणून या बालवाड्यांचे मोल मला मोठे वाटते. पण भाषा परत आली ती लोकांच्या हातात होती म्हणून. जमीन कागदावर असते, आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात.

हवाईयनांमध्येही एकमत नाही. काहींना संपूर्ण स्वातंत्र्य हवे, काहींना अमेरिकेच्या चौकटीतच स्वशासन. त्यांनी काय निवडावे हे येथे बसून मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. माझे म्हणणे एवढेच की, निवड त्यांची असावी, आणि तिची सुरुवात जमिनीपासून व्हावी. चार घटकांच्या यादीत भूप्रदेश दुसरा असला, तरी पायाखाली तोच असतो.

आपला याच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. पर्ल हार्बरला दर दोन वर्षांनी 'रिम्पॅक' हा अनेक देशांचा नौदल सराव होतो आणि हवाईतील अनेक संघटना त्याचा निषेध करतात. २०१४ व २०१८ साली त्या सरावाला भारताची जी युद्धनौका गेली, तिचे नाव 'सह्याद्री'! आपल्या डोंगराचे नाव ज्या बंदरात जाते, ते बंदर कुणाचे, हे विचारणे आपले कर्तव्य नाही काय?

त्या एक डॉलरच्या भाडेपट्ट्यांची मुदत २०२९ साली संपते. मे २०२५ मध्ये राज्याच्या जमीन मंडळाने पोहाकुलोआसंबंधीचा लष्कराचा पर्यावरण अहवाल नामंजूर केला, त्यामुळे लोकांना आशा वाटू लागली आहे. पट्टे पुन्हा होतात की जमीन मोकळी होते, यावरून १९९३ च्या क्षमेची खरी किंमत ठरेल. तोवर आपण, निदान उत्तरपत्रिकेत 'सार्वभौमत्व' हा शब्द लिहिताना, क्षणभर हवाईची आठवण ठेवावी.