कस्तुरीमृग: सुगंधच झाला वैरी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी उटण्याबरोबर कस्तुरी हळदीचं पाकीटही येतं. लहानपणी मला वाटायचं, ही हळद हरणापासूनच मिळत असणार! ती एक वनस्पती आहे, हे बरंच उशिरा कळलं. खरी कस्तुरी मात्र एका प्राण्याच्याच अंगात तयार होते आणि तीच त्याच्या जिवावर उठली आहे.

कस्तुरीमृग हिमालयातल्या उंचावरच्या जंगलात राहतो. उंची जेमतेम दीड-दोन फूट. त्याला शिंगं नसतात. नराचे वरचे दोन सुळे मात्र तोंडाबाहेर आलेले दिसतात. स्वभावाने अतिशय लाजरा. एकटाच राहतो आणि बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी चरायला बाहेर पडतो.

कस्तुरी फक्त नराकडे असते. बेंबीजवळच्या छोट्या पिशवीत ती साठते आणि मादीला आकर्षित करायला उपयोगी पडते. एका नराकडून मिळते साधारण 25 ग्रॅम. पण शिकाऱ्याच्या फासाला नर-मादी कुठे कळते? माद्या आणि पिल्लंही त्यात अडकून मरतात. मादीला एका वेळी एक, फार तर दोन पिल्लं होतात. मग संख्या भरून येणार कशी?

खरं तर आज अत्तरांमध्ये बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेत तयार केलेला 'मस्क'च वापरतात. तरीही पारंपरिक औषधांसाठी खऱ्या कस्तुरीची चोरटी मागणी थांबलेली नाही.

कस्तुरीमृग हा उत्तराखंडचा राज्यप्राणी. त्याच्या रक्षणासाठी 1972 मध्ये केदारनाथ अभयारण्य घोषित झालं. पुढे चोपताजवळ कांचुला खरक इथे प्रजनन केंद्रही काढलं गेलं, पण बंदिवासात हे प्राणी टिकले नाहीत आणि केंद्र बंद पडलं. म्हणजे त्याला वाचवायचं तर त्याचं जंगलच वाचवायला हवं.

आपण काय करू शकतो?

• कुणी 'अस्सल कस्तुरी' विकत असेल तर घेऊ नका. ती नकली असेल तर फसवणूक, असली असेल तर गुन्हा!

• चोपता-तुंगनाथला गेलात तर पायवाट सोडू नका. गोंगाट आणि कचरा टाळा. उरलेलं अन्न फेकलं की भटकी कुत्री येतात आणि ती या हरणांवर हल्ला करतात.

• घरातल्या मुलांना ही गोष्ट नक्की सांगा.

यंदा उटणं लावताना तो सुळेवाला लाजरा जीव आठवला, तरी पुष्कळ झालं.