रायनएअर गावाबाहेर उतरते, म्हणून आपणही गावाबाहेर गाळा घ्यायचा का?



या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल, तर रायनएअरची गोष्ट लक्षात असेलच. आयर्लंडची ही कंपनी १९९९ पासून ‘फ्रँकफर्ट’ची तिकिटं विकू लागली आणि विमान उतरायचं हान नावाच्या विमानतळावर. फ्रँकफर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटर. म्हणजे मुंबईचं तिकीट काढायचं आणि तळेगावच्या आसपास उतरायचं! पॅरिसचंही तेच. विमान उतरतं बोव्हेला, तिथून पॅरिस सुमारे ८५ किलोमीटर. तरी लोक बसमध्ये बसून गेले आणि कंपनी युरोपातली सगळ्यात मोठी विमान कंपनी झाली.

ही गोष्ट ऐकली की नवीन उद्योजक एकच धडा घेतो: ‘भाडं कमी असेल तिथे जा.’ मग मेन रोड सोडून आत कुठेतरी गाळा घेतो, डिपॉझिट भरतो, फर्निचर करतो आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. माझं स्पष्ट मत आहे की हा धडा अर्धवट आहे. आणि आयुष्यभराची बचत त्या गाळ्यात जाते, म्हणून तो महाग पडतो.

आधी खरं कारण बघू. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा कमाई शून्य, पण त्याचा हप्ता किंवा लीजचं भाडं चालूच. हे कुठल्याही रिक्षावाल्याला समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या विमानतळावर उतरण्यासाठी आकाशात घिरट्या, उतरल्यावर लांबलचक टॅक्सीवेवरून जायचं, मग जागा रिकामी व्हायची वाट, परत उडताना पुन्हा रांग. हानसारख्या ठिकाणी यातलं जवळपास काहीच नाही. विमान टर्मिनलसमोर येऊन थांबतं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही दरवाजांना शिड्या, लोक चालत आत. रायनएअरने २५ मिनिटांत विमान परत उडवायची शिस्त याच्यावर बसवली.

आता कागद घ्या आणि माझ्यासोबत गणित करा. समजा एक फेरी सव्वा तासाची आणि विमान दिवसात १६ तास वापरायचं. मध्ये २५ मिनिटं थांबलात तर ९ फेऱ्या बसतात. ५५ मिनिटं थांबलात तर ७. रात्री विमान आपल्या तळावर परत आणायचं म्हणजे जाणं-येणं जोडीत धरा, तर ८ विरुद्ध ६. त्यांच्या बोइंग ७३७-८०० मध्ये १८९ सीट. दोन फेऱ्या म्हणजे रोज ३७८ सीट जास्त विकायला मिळाल्या. तेच विमान, तोच हप्ता. विमानतळाची फी कमी पडते हा फायदा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण मी त्याला दुसरा नंबर देतो.

हे पटत नसेल तर अमेरिकेकडे बघा. ही सगळी युक्ती ज्यांच्याकडून आली त्या साउथवेस्ट एअरलाइन्सने १९७१ मध्ये सुरुवात केली डॅलसच्या लव्ह फील्डवरून. रायनएअरचे मायकल ओलिअरी त्यांचं कामकाज बघायला मुद्दाम तिकडे गेले होते. १९७४ मध्ये डॅलसचा नवा मोठा विमानतळ उघडला, बाकी कंपन्या तिकडे गेल्या. साउथवेस्टने जायला नकार दिला आणि त्यासाठी कोर्टात भांडली. का? कारण लव्ह फील्ड शहराच्या मध्यापासून अगदी जवळ होतं! तिचं गिऱ्हाईक म्हणजे सकाळी ह्यूस्टनला मीटिंगला जाऊन संध्याकाळी परत येणारा माणूस. ह्यूस्टनमध्येही त्यांनी लांबचा मोठा विमानतळ सोडून शहराजवळचा जुना हॉबी विमानतळ धरला. म्हणजे ‘दुय्यम’ विमानतळ एका कंपनीसाठी लांबचा होता आणि दुसरीसाठी जवळचा. दोघींमध्ये समान काय? रांग नाही आणि विमान लवकर मोकळं.

आणि आपली इंडिगो? आपल्याकडे बहुतेक शहरांत प्रवाशांसाठी एकच विमानतळ. बंगळूर आणि हैदराबादला नवे विमानतळ सुरू झाले, तेव्हा २००८ मध्ये जुन्यांवरची नेहमीची प्रवासी विमानं बंद झाली. त्यामुळे बोव्हे-हानसारखा पर्याय फारसा नव्हताच. तरी इंडिगो मोठी झाली, आणि तीही मुंबई-दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळांवरून. बरीच वर्षं बहुतेक विमानं एकाच जातीची, शिडीऐवजी उतार, २०२२ मध्ये तर उतरण्यासाठी तीन दरवाजे वापरायची पद्धत जाहीर केली. सगळी धडपड मिनिटं वाचवायची. जागा बदलता येत नव्हती, म्हणून त्यांनी जागेवरचं काम बदललं.

म्हणून गाळा बघायला जाल तेव्हा भाडं विचारायच्या आधी हे विचारा: माझ्या धंद्यात ‘विमान’ कोणतं? म्हणजे कोणती महागडी गोष्ट रिकामी उभी राहिली की मला रोज मार बसतो? केटरिंगवाल्याचं ते किचन असेल, पॅकिंगवाल्याची मशीन, होम डिलिव्हरीवाल्याचा टेम्पो. टेम्पो जर रोज बाजारपेठेच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकत असेल, तर हायवेजवळचं गोडाऊन सोन्यासारखं आहे, मग भाडं थोडं जास्त का असेना.

दुसरा प्रश्न: गिऱ्हाईक तुमच्याकडे ठरवून येतं की जाता-जाता? रायनएअरचं तिकीट लोक आधी बुक करतात. हानजवळून सहज चाललेला माणूस आत शिरून तिकीट काढत नाही. तुमच्या ऑर्डर फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर आतली जागा चालेल. वडापाव, झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज असेल तर नाही चालणार. तिथे कोपऱ्यावरच्या गाळ्याचं भाडं हीच तुमची जाहिरात आहे.

आता जी बाजू कोणी सांगत नाही ती. या गोष्टीत आपण सगळे स्वतःला रायनएअर समजतो. खरं तर आपल्यातले बरेच जण हान आहेत.

हान हा अमेरिकन हवाई दलाचा जुना तळ. १९९३ मध्ये सैन्य गेलं आणि धावपट्टी रिकामी पडली. अशा विमानतळाला विमान कंपनी सांगते, मी लाखो माणसं आणते, तुम्ही पार्किंगवर आणि दुकानांवर कमवा, मला फीमध्ये सवलत द्या. बेल्जियममधल्या शार्लरॉय विमानतळाने रायनएअरला दिलेल्या सवलतींवर युरोपियन कमिशनने २००४ मध्ये आक्षेप घेतला, २००८ मध्ये कोर्टाने तो निर्णय रद्द केला. तो वाद कायद्याचा. धंद्याचा मुद्दा साधा आहे: ज्याच्याकडे दहा विमानतळांचे पर्याय आहेत तो भाव ठरवतो, आणि ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक आहे तो मान डोलावतो.

हानवर २००७ मध्ये सुमारे ४० लाख प्रवासी होते. २०१९ मध्ये ते १५ लाखांच्या आसपास आले. मधल्या काळात, २०१७ मध्ये, रायनएअरने फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावरच आपला तळ उघडला! २०२० मध्ये हानवरचा तळ बंद करणार असल्याचं जाहीर केलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हान विमानतळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कोरोनाचा फटका होताच, पण घसरण त्याच्या कितीतरी आधीची. आणि गंमत बघा, मुख्य फ्रँकफर्टने फी वाढवल्यावर २०२२ मध्ये रायनएअर तिथून तळ उचलून निघाली. यात राग धरण्यासारखं काही नाही, तिचा हिशोब तिला कळतो.

एमआयडीसीत एकाच मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करणारे, एकाच फूड अ‍ॅपवर चालणारं क्लाउड किचन, एकाच सुपरमार्केटला पापड-लोणची देणारा बचत गट, या सगळ्यांनी हानची गोष्ट दोनदा वाचा. मोठं गिऱ्हाईक सोडा असं मी म्हणत नाही. त्याच्या भरवशावर नवी मशीन कर्जाने घेणार असाल, तर ते गेल्यावर ती मशीन आणखी कोणासाठी चालू शकते, हे बँकेत सही करायच्या आधी शोधा. दोन नावंही सापडली नाहीत, तर मी तरी ते कर्ज घेणार नाही.

पुढच्या व्हिडिओत भाडेकरार आणि लॉक-इन पिरियड घेतोय. तोपर्यंत एक काम करा. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती टक्के आहे ते वहीत लिहून ठेवा. व्हिडिओत तो आकडा लागणार आहे.