अहवाल स्वीकारायचा, तर खर्चही स्वीकारावा लागतो

सरकारने चौकशी आयोग नेमला की प्रकरण बासनात गुंडाळले गेले, असे आपल्याकडे गृहीतच धरले जाते. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण त्यातून एक भाबडी समजूत रूढ झाली आहे: आयोग प्रामाणिक असता आणि अहवाल वेळेत आला असता, तर पुढचे सारे सुरळीत झाले असते. ही समजूत तपासून पाहायची असेल, तर १९६७-६८ सालच्या अमेरिकेकडे वळावे लागते. तिथे आयोग प्रामाणिक होता, त्याचा अहवाल अवघ्या सात महिन्यांत आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तरीही त्याने मागितलेला खर्च सरकारने उचलला नाही.

त्या वर्षी जुलै महिन्यात आधी न्यूआर्क आणि मग डेट्रॉइट पेटले. न्यूआर्कमध्ये २६, तर डेट्रॉइटमध्ये ४३ जणांचा बळी गेला. डेट्रॉइटची ठिणगी पडली ती एका विनापरवाना मद्यगृहावर पोलिसांनी घातलेल्या धाडीतून. तिथे जमलेली कृष्णवर्णीय मंडळी व्हिएतनामहून परतलेल्या दोन सैनिकांचे स्वागत करीत होती. स्थानिक बळ अपुरे पडले तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लष्कराच्या छत्रीधारी तुकड्या शहरात धाडल्या, आणि २७ जुलैला आयोगाची घोषणा केली. इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर त्याचे अध्यक्ष होते आणि न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे उपाध्यक्ष. ११ सदस्यांपैकी दोघे कृष्णवर्णीय, आणि तेही मवाळ प्रकृतीचे. काय घडले, का घडले आणि पुन्हा पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, असे तीन प्रश्न आयोगापुढे ठेवण्यात आले.

आयोगाची एकूण रचना पाहता गुळमुळीत अहवालाचीच अपेक्षा होती. पण सदस्य दंगलग्रस्त शहरांत फिरले, लोकांशी बोलले, आणि फेब्रुवारी १९६८ अखेर त्यांनी जे लिहिले ते सत्ताधाऱ्यांना अनपेक्षित होते. दंगलींमागे कोणताही संघटित कट आढळला नाही. पोलिसांची वागणूक, बेकारी आणि कोंदट घरे ही कारणे पुढे आली. आणि या कोंडलेल्या वस्त्या गोऱ्या समाजाच्या संस्थांनीच उभ्या केल्या व टिकवल्या, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. राष्ट्र दोन विभक्त आणि विषम समाजांत दुभंगत चालल्याचा इशारा त्याने दिला. उपायही नेमके होते: तीन वर्षांत २० लाख नवे रोजगार, पाच वर्षांत ६० लाख घरे.

जॉन्सन यांना वर्णभेदाचे पाठीराखे म्हणता येणार नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. सर्वोच्च न्यायालयात पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती नेमला तोही त्यांनीच. म्हणूनच त्यांचे मौन मला अधिक बोलके वाटते. व्हाइट हाउसमध्ये समारंभपूर्वक अहवाल स्वीकारण्याचे त्यांनी टाळले. आपल्या कामाची बूज राखली गेली नाही ही खंत त्यामागे होतीच. पण त्याहून मोठी अडचण तिजोरीची होती.

व्हिएतनाममध्ये तेव्हा सुमारे पाच लाख अमेरिकी सैनिक होते, आणि जानेवारीअखेरच्या टेट आक्रमणाने हे युद्ध लवकर संपणारे नाही हे उघड केले होते. खर्च भागवण्यासाठी जॉन्सन यांना प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार हवा होता. काँग्रेसने जून १९६८ मध्ये तो दिला, पण सरकारी खर्चात सहा अब्ज डॉलरची कपात पदरात पाडून घेऊन. शहरांसाठी नवा पैसा मागण्याची वाट तिथेच अरुंद झाली. युद्ध गरिबांच्या वाट्याचे धन आणि बळ गिळत आहे, हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६७ मध्येच सांगितले होते. बरोबर एका वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसमध्ये त्यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरांत पुन्हा उद्रेक झाला.

त्यानंतर काय मंजूर झाले आणि कशाचे काय झाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी करणारा कायदा आठवड्याभरात झाला. त्याचा तिजोरीवर फारसा भार नव्हता. पोलीस यंत्रणेला केंद्राचे अनुदान देणारा कायदा जूनमध्ये झाला. ६० लाख घरांचे लक्ष्यही ऑगस्टच्या कायद्यात आले, पण मुदत पाचाऐवजी दहा वर्षे झाली. आणि १९७३ च्या प्रारंभी निक्सन सरकारने अनुदानित घरबांधणीच्या नव्या मंजुऱ्याच थांबवल्या. कायदा आणि सुव्यवस्थेच्या घोषणेवर निक्सन निवडून आले होते. त्या घोषणेसाठी कोणालाही नवा कर भरावा लागत नव्हता.

आपल्याकडचा अनुभव वेगळा असला, तरी धडा लागू पडतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग मध्येच गुंडाळला गेला, पुन्हा जिवंत झाला, आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल विधिमंडळात आला तेव्हा राज्य सरकारने त्याचे निष्कर्षच नाकारले. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार अहवाल कृती-अहवालासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. पण शिफारशी बंधनकारक नसतात, आणि ‘विचाराधीन आहे’ एवढे उत्तरही कृती-अहवालात खपून जाते.

शिफारशी बंधनकारक कराव्यात, असे मी म्हणणार नाही. निर्णय निवडून आलेल्या सरकारचाच असला पाहिजे. पण प्रत्येक शिफारशीपुढे तिचा खर्च, जबाबदार खाते आणि मुदत लिहिण्याचे, नाकारल्यास कारण देण्याचे बंधन कायद्यात घालता येईल. स्वीकारलेल्या शिफारशीची तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात दिसली नाही, तर लेखासमितीने जाब विचारावा. असे बंधन जॉन्सन यांच्यावर असते, तर युद्ध की शहरे ही निवड त्यांना उघडपणे, करदात्यांसमोर करावी लागली असती. कदाचित त्यांनी तरीही युद्धच निवडले असते. पण तो निर्णय मौनाआड लपला नसता.