आवाज हवा, शेजार नको?

गॉस्पेल संगीत मी शाळकरी वयापासून ऐकत आलो आहे. तेव्हा शब्द कळत नव्हते, पण त्यातली वेदना कळत होती. आज मात्र या संगीतावर नुसते प्रेम करून भागणार नाही, असे वाटते.

हे संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वाढले. १९३२ साली थॉमस डॉर्सी यांची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ तान्हे मूलही गेले. त्या दुःखातून त्यांनी एक प्रार्थनागीत रचले. डॉर्सींच्या गाण्यांत ब्लूजची चाल आहे म्हणून कृष्णवर्णीयांच्याच प्रतिष्ठित चर्चनी आधी नाके मुरडली होती.

ही गाणी महालिया जॅक्सन यांनी जगभर नेली. १९५० साली त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. पण शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत त्यांनी घर घेतले, तेव्हा त्याच्या खिडक्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. आवाज हवा, शेजार नको! याला रसिकता म्हणायचे काय?

महालियाबाई घाबरून घरात बसल्या नाहीत. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी त्या गायल्या. १९६८ साली किंग यांच्या अंत्यविधीत त्यांनी डॉर्सींचे तेच प्रार्थनागीत गायले. एका घरातले दुःख साऱ्या समाजाचे झाले.

‘गाण्यात राजकारण आणू नका’ असा उपदेश करणाऱ्यांनी त्या फुटलेल्या खिडक्या आठवाव्यात. गाणे आवडत असेल, तर गाणाऱ्याचा माणूस म्हणून असलेला हक्कही मान्य करा. ते जमत नसेल, तर तुमच्या टाळ्यांना काडीची किंमत नाही.